ओलीवर पिकणारी ज्वारी : सोलापूर येथील कोरडवाहू शेती संशोधन

महाराष्ट्रातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे ८० टक्के क्षेत्र आजही पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. त्यातही सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत येणारा आणि अहिल्यानगर, पुणे, सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या पूर्वेकडील तालुक्यांतून सोलापूरपर्यंत पसरलेला पट्टा अवर्षणप्रवण विभाग म्हणून ओळखला जातो. येथील वार्षिक पर्जन्यमान ७५० मिलिमीटरांपेक्षा कमी आहे. पावसाच्या या अल्प प्रमाणापेक्षाही त्याची अनियमितता शेतकऱ्यास अधिक जाचक ठरते. जून-जुलैमध्ये पावसाचा एक हंगाम येतो, मध्यंतरी दीर्घ उघडीप पडते आणि सप्टेंबरमध्ये परतीच्या मार्गावरील पाऊस पुन्हा हजेरी लावतो. खरिपाचे पीक या उघडिपीत सापडते व करपून जाते. म्हणूनच या भागातील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या आपली खोल, काळी जमीन खरिपात पडीक ठेवली आणि उत्तरा-हस्ताच्या ओलीवर ज्वारी पेरली. हीच रब्बी ज्वारी, अर्थात शाळू, होय.

या पिकाचे वैशिष्ट्य असे की, पेरणीनंतर त्यास पावसाचा आधार जवळजवळ नसतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आकाश बहुधा निरभ्र असते. सुमारे चार महिन्यांच्या आयुष्यात ज्वारीचे ताट जे पाणी पिते ते पेरणीपूर्वी जमिनीत मुरलेले पाणी असते. घरातील भाकरी आणि दावणीतील कडबा या दोन्ही गोष्टी त्या साठ्यावर अवलंबून असतात. ही ओल जमिनीत अधिकाधिक कशी मुरवावी, ती पिकासाठी कशी राखावी आणि तिच्या बेताने कोणते वाण पेरावे, या तीन प्रश्नांभोवती राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्राचे संशोधन गुंफलेले आहे. या संशोधनाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगावयाचा झाल्यास, कोरडवाहू ज्वारीचे उत्पन्न बऱ्याच अंशी पेरणीपूर्वीच ठरलेले असते.

संशोधनाची परंपरा

महाराष्ट्रातील कृषिशिक्षणाचा आरंभ पुणे येथे १८७९ साली झाला. कोरडवाहू शेतीच्या प्रश्नाकडे मात्र शास्त्रज्ञांचे लक्ष वळण्यास आणखी चार दशके जावी लागली. १९२३ मध्ये व्ही. ए. ताम्हणे यांनी पुण्याजवळील मांजरी येथे या विषयावरील प्रयोगांना प्रारंभ केला आणि त्यानंतर एन. व्ही. कानिटकर यांनी ते कार्य पुढे नेले. १९३३ मध्ये तत्कालीन इंपीरियल कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक या पाच ठिकाणी कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे कार्यान्वित झाली. सोलापूरच्या केंद्राची धुरा कानिटकर यांच्याकडे होती. त्यांनी भारतातील कोरडवाहू शेतीवर लिहिलेला ग्रंथ १९४४ मध्ये परिषदेने प्रसिद्ध केला. पुढे १९६० मध्ये त्याची दुसरी आवृत्तीही निघाली.

या प्रयोगांतून जी शिफारस सिद्ध झाली ती ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धती’ या नावाने ओळखली जाते. शेतास बांधबंदिस्ती करावी, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या घालून जमीन स्वच्छ व भुसभुशीत ठेवावी, बी विरळ पेरून दोन ओळींतील अंतर वाढवावे आणि पिकात वेळोवेळी कोळपण्या कराव्यात, अशी या पद्धतीची मुख्य अंगे होती. त्या काळी सुधारित वाण अल्प होते व रासायनिक खतांचा वापर जवळजवळ नव्हता. त्यामुळे या पद्धतीने मिळणारी उत्पादनवाढ माफकच राहिली. तथापि तिच्यामागील तत्त्व आजही अबाधित आहे.

१९६८ मध्ये राज्यात कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. त्यानंतर १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे स्वतंत्र विद्यापीठे अस्तित्वात आली आणि प्रत्येक विद्यापीठास आपापल्या प्रदेशाच्या हवामानास व पिकांस अनुरूप असे संशोधन करणे शक्य झाले. पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातील दहा जिल्हे राहुरी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९७० मध्ये अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू झाला, तेव्हा सोलापूरची त्यातील एक केंद्र म्हणून निवड झाली. पाठोपाठ १९७२ चा भीषण दुष्काळ आला आणि या संशोधनाची निकड सर्वांनाच पटली.

जमीन हेच पाण्याचे कोठार

काळ्या जमिनीचा मोठा गुण तिच्या धारणशक्तीत आहे. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी धरून ठेवतात. एक मीटर खोलीची अशी जमीन पूर्ण भिजल्यास पिकास घेता येईल असे स्थूलमानाने दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी तीत साठते. जमीन जितकी उथळ तितके हे कोठार लहान. परंतु कोठार मोठे असले तरी ते भरेलच असे नाही. काळी जमीन ओली होताच फुगते, तिच्यातील छिद्रे आकसतात आणि पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. अशा वेळी जोराची सर आली की पाणी पृष्ठभागावरून वाहू लागते व जाताना सुपीक मातीही घेऊन जाते.

या हानीचे मोजमाप साध्या हिशेबाने करता येते. एक हेक्टर क्षेत्रावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी होय. समजा, एखाद्या सायंकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याचा एक-तृतीयांश भाग वाहून गेला, तर एका हेक्टरावरून दीड लाखाहून अधिक लिटर पाणी गेले असा त्याचा अर्थ होतो. दहा हजार लिटरचे सोळा टँकर भरतील एवढे हे पाणी आहे. उन्हाळ्यात टँकरची प्रतीक्षा करणाऱ्या गावांना या हिशेबाचे मर्म अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

वाहणारे पाणी अडविण्याचा पहिला उपाय म्हणजे बांध. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, १९४२ अन्वये या भागात समपातळी बांधांची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमी योजनेतूनही अशी कामे झाली. या बांधांनी मातीची धूप रोखली हे निःसंशय. परंतु दोन बांधांमधील मोठ्या अंतरात पडणारे पाणी उताराने वाहत येऊन बांधाच्या वरच्या अंगाला साचते. त्यामुळे शेताचा वरचा भाग कोरडा राहतो, खालच्या भागात पाणी तुंबते, आणि खोल काळ्या जमिनीत असा तुंबारा अखेर बांध फोडून निघून जातो. अशा जमिनींसाठी पुढे ढाळीच्या बांधांचा अवलंब करण्यात आला तो याच कारणाने.

बांधांच्या मर्यादा ध्यानात आल्यावर, पाऊस जेथे पडतो तेथेच तो मुरविण्याच्या पद्धतींवर संशोधकांनी भर दिला. यास ‘मूलस्थानी जलसंधारण’ अशी संज्ञा आहे. रब्बीसाठी राखलेल्या जमिनीत जुलै महिन्यातच उतारास आडवे लहान लहान सपाट वाफे तयार करावयाचे, अथवा बळीराम नांगराने सरी-वरंबे काढून ठरावीक अंतरावर सरीत मातीचा आडवा बंध घालावयाचा, अशा या सोप्या रीती आहेत. दुसऱ्या रीतीस बंदिस्त सरी म्हणतात. प्रत्येक वाफा व प्रत्येक सरी आपल्यापुरते पाणी धरून ठेवते आणि त्यास मुरण्यासाठी अवधी देते. या कामास लागणारी अवजारे गावात मिळू शकतात. मात्र ते जुलैमध्ये, म्हणजे पेरणीस दोन महिने अवकाश असताना करावे लागते. शेत रिकामे असताना त्यात श्रम व पैसा घालण्याची सवय नसल्याने बहुसंख्य शेतकरी येथेच मागे राहतात.

खोलीप्रमाणे पीक, खोलीप्रमाणे वाण

एकाच गावाच्या शिवारात माळरानाची मुरमाड जमीन, मध्यम काळी जमीन आणि ओढ्याकाठची खोल काळी जमीन असे तिन्ही प्रकार आढळतात. या सर्व जमिनींवर एकच पीक घेण्याची प्रथा नुकसानकारक आहे, असे सोलापूरच्या प्रयोगांतून दिसून आले. त्यावरून जमिनीच्या खोलीनुसार पीक नियोजनाची शिफारस करण्यात आली. ७.५ सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीच्या जमिनीत गवत व वनवृक्ष, ७.५ ते २२.५ सेंटिमीटरपर्यंत गवताबरोबर बोर, सीताफळ यांसारखी कोरडवाहू फळझाडे आणि २२.५ ते ४५ सेंटिमीटरपर्यंत बाजरी, तूर, हुलगा, मटकी यांसारखी खरिपाची पिके घ्यावीत. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ हे आंतरपीक अशा जमिनीस विशेष मानवते. ४५ सेंटिमीटरहून अधिक खोलीची जमीन रब्बी ज्वारी, करडई व हरभरा या पिकांसाठी राखावी. त्याहूनही खोल जमिनीत पाऊस अनुकूल असेल तर मूग वा उडीद काढून नंतर ज्वारी घेता येते.

ही झाली पिकांची विभागणी. व्यवहारात उथळ जमिनीचा शेतकरीही घरच्या भाकरीसाठी व जनावरांच्या कडब्यासाठी ज्वारी पेरतोच. ही वस्तुस्थिती लक्षात घेऊन विद्यापीठाने वाणांच्या संशोधनातही जमिनीची खोली हाच निकष मानला.

मालदांडीचा वारसा

रब्बी ज्वारीच्या वाणांचा विचार मालदांडीपासून सुरू होतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील संशोधन केंद्रावर १९३० नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने ‘मालदांडी ३५-१’ हे वाण तयार करण्यात आले. टपोरा, मोत्यासारखा शुभ्र दाणा, चवदार व टिकणारी भाकरी आणि जनावरे आवडीने खातील असा कडबा या गुणांमुळे ते महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातही पसरले. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध झाली ती याच मालदांडीमुळे आणि तेथील खोल काळ्या जमिनीमुळे. २०१६ मध्ये तीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

१९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाल्यानंतर खरीप ज्वारीच्या उत्पादनात मोठी वाढ झाली. तोच प्रयोग रब्बीत यशस्वी होईल अशी अपेक्षा होती. ती मात्र पुरी झाली नाही. रब्बीचे पीक थंडीत वाढते, कोवळेपणी खोडमाशीस बळी पडते आणि दाणा भरण्याच्या वेळी त्यास ओलीचा ताण सोसावा लागतो. या तिन्ही कसोट्यांवर मालदांडीशी बरोबरी करणे संकरित वाणांना कठीण गेले. शिवाय भाकरी आणि कडबा यांच्या प्रतीबाबत शेतकरी तडजोड करण्यास तयार नव्हता. केवळ दाण्याच्या वजनावर वाणाची योग्यता ठरविता येत नाही, हा धडा संशोधकांना यातून मिळाला.

त्यानंतर राहुरी येथील ज्वारी सुधार प्रकल्प आणि सोलापूर व मोहोळ येथील केंद्रे यांनी मालदांडीचे गुण कायम राखून जमिनीच्या प्रकारास अनुरूप असे सुधारित वाण काढण्याचे धोरण स्वीकारले. आज उथळ जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, उथळ ते मध्यम जमिनीसाठी ‘फुले माऊली’, मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’ व ‘फुले चित्रा’, खोल जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ व ‘फुले यशोदा’ आणि पाण्याची सोय असलेल्या खोल जमिनीसाठी ‘फुले रेवती’ असे वाण शेतकऱ्यांस उपलब्ध आहेत. हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ आणि लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ असे विशेष उपयोगाचे वाणही विद्यापीठाने दिले आहेत.

या विभागणीचे कारण स्पष्ट आहे. उथळ जमिनीतील ओल लवकर संपते. तेथे लवकर पक्व होणारे वाणच दाणा भरून घेऊ शकते. खोल जमिनीतील ओल दीर्घकाळ पुरते. तेथे अधिक कालावधीचे वाण तिचा पुरेपूर लाभ घेते. खोल जमिनीचे वाण उथळ जमिनीत पेरल्यास ताटे उंच वाढतात, परंतु कणीस निसवण्याच्या सुमारास जमीन कोरडी पडते. अशा वेळी वाण निकृष्ट होते असा समज पसरतो; वास्तविक चूक निवडीची असते.

पेरणीचा मुहूर्त

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा रब्बी ज्वारीच्या पेरणीचा शिफारस केलेला कालावधी आहे. त्यापूर्वी पेरणी केल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो. ही माशी कोवळ्या रोपाच्या पानामागे अंडी घालते आणि तिची अळी वाढीचा कोंब कुरतडून टाकते. मधला पोंगा सुकतो. यासच शेतकरी पोंगेमर म्हणतात. याउलट पेरणीस उशीर झाल्यास वरच्या थरातील ओल उडून जाते, उगवण विरळ होते आणि दाणे भरण्याच्या वेळी पिकास तीव्र ताण बसतो. अशा ताणात जमिनीतील बुरशी मुळांवाटे खोडात शिरते, खोडाचा गाभा पोखरला जातो व ताटे जमिनीवर लोळतात. वाळलेल्या पोकळ ताटांच्या आवाजावरून शेतकऱ्यांनी या रोगास ‘खडखड्या’ असे समर्पक नाव दिले आहे. कीड आणि ताण या दोन संकटांमधील हा एक महिना असल्याने घरात बियाणे, खत आणि पाभर सज्ज असणे अगत्याचे ठरते.

पेरणीच्या वेळी करावयाच्या दोन गोष्टी अल्प खर्चाच्या असूनही दुर्लक्षित राहतात. पहिली गोष्ट बीजप्रक्रियेची. एक किलो बियाण्यास ३०० मेश गंधकाची भुकटी ४ ग्रॅम या प्रमाणात चोळल्यास काणी रोगास प्रतिबंध होतो. दुसरी गोष्ट खत पेरून देण्याची. कोरडवाहू पिकास रासायनिक खत दिल्यास पीक जळते, अशी समजूत पूर्वी दृढ होती व काही ठिकाणी ती आजही आढळते. खत वरून फोकले व ओल नसली तर त्याचा उपयोग होत नाही, हे खरे आहे. परंतु दोन चाड्यांच्या पाभरीने ते बियाण्याच्या खाली ओलसर थरात पेरून दिल्यास मुळे खोल जातात आणि जमिनीतील ओलीचा अधिक चांगला उपयोग करून घेतात. मध्यम जमिनीसाठी हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद अशी शिफारस आहे. बियाणे हेक्टरी १० किलो पुरते आणि दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे लागते. दाट पेरणीने ताटांची संख्या वाढते, पण तेवढ्याच ओलीचे वाटेकरीही वाढतात.

तीन कोळपण्या आणि एक पाणी

थंडी सुरू झाली की काळी जमीन सुकू लागते व तीस भेगा पडतात. या भेगांतून खालच्या थरातील ओल हवेत उडून जाते. तण वाढले असल्यास तेही ओल शोषून घेते. यावर कोळपणी हाच उपाय होय. विद्यापीठाच्या शिफारशीनुसार पीक तीन आठवड्यांचे झाल्यावर फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपणी करावी. प्रत्येक वेळी अवजार बदलण्यामागे निश्चित हेतू आहे. आरंभी तणाचा नाश व्हावा, पुढे मातीचा भुसभुशीत थर पृष्ठभागावर आच्छादनासारखा राहावा आणि अखेरीस कठीण होत चाललेल्या जमिनीतील भेगा मातीने बुजाव्यात, असा हा क्रम आहे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे जुने शेतकरी म्हणतात. त्या अनुभवास संशोधनाने शास्त्रीय आधार दिला आहे.

शेततळ्यात वा विहिरीत थोडे पाणी असेल तर ते केव्हा द्यावे, या प्रश्नाचेही उत्तर प्रयोगांतून मिळाले आहे. एकच पाणी देणे शक्य असल्यास ते पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत येण्याच्या सुमारास द्यावे. उगवणीनंतर लगेच दिलेल्या पाण्यापेक्षा त्याचा लाभ अधिक होतो. कारण कणसाचा आकार आणि दाण्यांची संख्या याच काळात निश्चित होत असते.

केंद्रापासून शेतापर्यंत

संशोधन केंद्रावरील एखादा निष्कर्ष लगेच शिफारस होत नाही. त्याच्या चाचण्या अनेक हंगामांत व अनेक ठिकाणी घेतल्या जातात. त्यानंतर चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत त्याची छाननी होते. वाणाच्या बाबतीत पुढे पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा टप्प्यांनी बीजोत्पादन होते. या कामात विद्यापीठांबरोबर १९७६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचाही वाटा आहे. ज्वारीचे सुधारित वाण सरळ असल्याने एकदा घेतलेले शुद्ध बियाणे निवडून, राखून शेतकऱ्यास पुढील काही वर्षे वापरता येते. संकरित बियाण्याप्रमाणे ते दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही.

एवढी व्यवस्था असूनही संशोधन केंद्रावरील पीक आणि शेजारच्या शिवारातील पीक यांच्या उत्पन्नात अंतर राहते. याची कारणे केवळ अज्ञानात शोधणे योग्य होणार नाही. बैलजोड्यांची संख्या घटल्याने वेळेवर कोळपणी करणे अनेकांस अशक्य झाले आहे. ज्वारी उपटणे, कणसे खुडणे, पेंढ्या बांधणे ही सर्व कामे मनुष्यबळावर चालतात आणि सुगीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत. उंच वाढणाऱ्या वाणांची यंत्राने काढणी करणे सोपे नाही. दुसरीकडे ताटांची उंची कमी केली तर कडबा घटतो. जेथे पाणी पोहोचले तेथे शेतकरी उसाकडे वळला आणि जेथे पाणी नाही तेथेही हरभऱ्यासारखे कमी श्रमाचे पीक त्यास सोयीचे वाटू लागले. परिणामी राज्यातील रब्बी ज्वारीचे क्षेत्र गेल्या काही दशकांत लक्षणीय प्रमाणात घटले आहे.

ही घट चिंतेची आहे. ज्वारी कमी झाली म्हणजे कडबा कमी झाला, आणि कडबा कमी झाला म्हणजे टंचाईच्या वर्षी जनावरे चारा छावणीत न्यावी लागतात किंवा विकावी लागतात. अल्पभूधारक कुटुंबाच्या दृष्टीने दुभते जनावर विकले जाणे ही मोठी आपत्ती असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्यायोगे शहरांतून ज्वारीची मागणी वाढण्यास चालना मिळाली. परंतु वाढत्या मागणीचा लाभ कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात पडावयाचा असेल, तर त्याच्या शेतात ओल टिकली पाहिजे आणि त्याचे श्रम हलके झाले पाहिजेत. यंत्राने काढता येईल असे मजबूत ताटाचे, तरीही पुरेसा कडबा देणारे वाण हे म्हणूनच संशोधकांपुढील महत्त्वाचे आव्हान आहे.

गावाची जबाबदारी

वाणाची निवड एकट्या शेतकऱ्यास करता येते. पाण्याची व्यवस्था मात्र एकट्याने होत नाही. वरच्या शेतातील फुटलेला बांध खालच्या शेताची माती वाहून नेतो. सांडव्याचे पाणी कोणाच्या शेतातून काढावयाचे यावरून उद्भवणारे तंटे बांधांच्या दुरुस्तीस अडसर ठरतात. त्यामुळे शिवारातील ओल हा साऱ्या गावाचा विषय ठरतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत कृषी व कृषी विस्तार, मृदसंधारण आणि पाणलोट क्षेत्र विकास हे विषय आरंभीच नमूद केलेले आहेत, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात शिवारफेरी काढून फुटलेल्या बांधांची व बुजलेल्या सांडव्यांची यादी केली, ती ग्रामसभेपुढे ठेवली आणि मृगापूर्वी दुरुस्ती करून घेतली, तर या कामास मोठ्या निधीची प्रतीक्षा करावी लागणार नाही. गावातील जमिनींची खोली ठिकठिकाणी मोजून तिचा नकाशा पंचायतीच्या फलकावर लावल्यास कोणत्या गटात कोणते पीक व कोणते वाण घ्यावे, हे प्रत्येकास समजू शकेल. सारा यंत्र, दोन चाड्यांची पाभर, दातेरी कोळपे ही अवजारे ज्यांच्याकडे नाहीत अशा शेतकऱ्यांस ती भाड्याने मिळण्याची व्यवस्था गावातील सहकारी संस्था अथवा बचत गट करू शकतात.

शिक्षकांचे साहाय्यही या कामी मोलाचे आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून विद्यार्थ्यांकडून रोजच्या पावसाची नोंद करून घेतल्यास गणित, भूगोल व विज्ञान या तिन्ही विषयांचा प्रत्यक्ष पाठ मिळतो आणि गावास स्वतःच्या पावसाची माहिती उपलब्ध होते. मिलिमीटरांतील आकडा लिटरांत मांडून दाखविल्यास तो विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांपर्यंतही पोहोचतो. गंधकाच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक शाळेत सहज करता येण्याजोगे आहे; मात्र ते शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे.

कृषी, महसूल व ग्रामविकास या खात्यांतील अधिकाऱ्यांकडून अपेक्षा आहे ती वेळापत्रकाची. वाफे बांधण्याची माहिती जूनमध्ये, वाणांची व बियाण्यांची माहिती ऑगस्टमध्ये आणि कोळपणीची माहिती ऑक्टोबरमध्ये गावात पोहोचली पाहिजे. योग्य शिफारस अवेळी पोहोचली तर तिचा उपयोग पुढील वर्षापर्यंत होत नाही. आणि कोरडवाहू शेतकऱ्यास एक हंगाम वाया घालविणे परवडत नाही.

सोलापूरच्या प्रयोगशेतावर १९३३ पासून चाललेल्या या कार्याने अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्यास पाऊस वाढवून दिलेला नाही. ते कोणत्याही संशोधनाच्या आवाक्यातील नाही. पडलेल्या पावसाचा थेंब न्‌ थेंब दाण्यात व कडब्यात कसा उतरवावा, याचे ज्ञान मात्र त्याने सिद्ध करून ठेवले आहे. ते ज्ञान जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, रिकाम्या दिसणाऱ्या शेतात वापरले गेले, तर फेब्रुवारीत खळ्यावर येणारी रास त्याची साक्ष देईल.